लंब्या पट्टीची गिटार

चौतीस वर्षं मी अशा वस्तू बनवल्या, ज्या कोणी घरी नेल्या नाहीत. एकानं नेली होती, त्याची गोष्ट पुढं सांगतो.

मी हिंगणघाटच्या एका कापड गिरणीत पॅटर्नमेकर होतो. हा शब्द ऐकून माझ्या सख्ख्या मेव्हण्याला वीस वर्षं वाटत होतं की मी साड्यांवरची नक्षी काढतो. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधताना त्यानं मला मुद्दाम सोबत नेलं आणि शालूचे काठ निवडायला लावले. मीही निवडून दिले. ते चांगले निघाले, त्यामुळे त्याचा गैरसमज आणखी पक्का झाला.

खरं काम असं होतं. यंत्राचा एखादा लोखंडी भाग मोडला, चाक म्हणा, दाते असलेलं गिअर म्हणा, तर तो नव्यानं ओतून घ्यावा लागतो. ओतण्याआधी त्याचा हुबेहूब लाकडी जुळा भाऊ तयार करायचा. तो ओलसर वाळूत ठोकून बसवायचा आणि अलगद उचलून घ्यायचा. मागं जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. मग ते लोखंड यंत्रात जाऊन बसतं, पन्नास वर्षं फिरतं, लोक त्याला तेल घालतात. लाकडी भाऊ मात्र कोपऱ्यात पडतो, आणि कोपरा भरला की बॉयलरमध्ये जातो. तो लाकडी भाऊ बनवणारा मी. मला सगळे भोयर मिस्त्री म्हणतात.

यात एक ग्यानबाची मेख आहे. लोखंड निवताना आकसतं. फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यामुळे लाकडी साचा आधीच तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला हिशेब करत बसलं तर माणूस वेडा होईल, म्हणून आमच्याकडे एक वेगळी पोलादी पट्टी असते. तिच्यावरचा एक फूट हा खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. दिसायला अगदी साध्या पट्टीसारखी, तेच आकडे, त्याच रेघा. आम्ही तिला लंबी पट्टी म्हणायचो. माझी तीन फुटी होती, कामाच्या टेबलाच्या उजव्या हाताला खिळ्यावर टांगलेली. घास घेतलेला हात जसा न बघता तोंडाकडे जातो, तसा माझा हात तिच्याकडे जायचा. ती पट्टी मी निवृत्तीनंतर घरी आणली आणि तशीच उजव्या हाताला टांगली. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे.

आता त्या वस्तू नेणाऱ्या माणसाची गोष्ट. वडनेरचा एक शेतकरी होता, वांगी-टमाटर लावायचा. त्याच्या पंपातला पंखा मोडला होता. मी त्याला पाइनच्या लाकडाचा साचा करून दिला आणि सांगितलं की हा ओतकामवाल्याकडे ने. तो गेला, आणि चौथ्या दिवशी परत आला. हातात फुगून बोंड झालेला माझा साचा.

"मिस्त्री, पंखा लय चांगला होता जी," तो म्हणाला. "जरासा मोठा होता, मी कानशीनं घासून घेतला. दीड दिवस पानी मारलं त्यानं. मंग फुगला."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. गिरणीत ही गोष्ट पुढं कित्येक वर्षं चालली. पण आता एकट्यानं बसलो की वाटतं, माझ्या हातची एकच वस्तू या जगात स्वतःच्या पायावर दीड दिवस चालली, आणि ती त्यानं चालवली. त्याला मी हसायला नको होतं.

गिरणी बंद पडली. त्यानंतर काही वर्षांनी बायको गेली. मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. मी घरामागच्या पडवीत टेबल मांडून लोकांचे पाट, देव्हारे, पलंगाचे पाय असलं करतो. दिवसभरात माझा आवाज मला दोनदा ऐकू येतो, एकदा दूधवाल्याशी बोलताना आणि एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजताना. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढं मी जे केलं ते कोणत्या माणसानं केलं, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं म्हणून सांगतो.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर रमेश मेश्राम आला. रमेश आमच्याच गिरणीत होता, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. गिरणीत तो सूत गुंडाळण्याच्या खात्यात आणि बाहेर ऑर्केस्ट्रात गिटारवर. गिरणी गेली, ऑर्केस्ट्रा राहिला. लग्नाची रिसेप्शनं, जयंत्या, गणपती, वर्धेपासून पुलगावपर्यंत त्याला लोक ओळखायचे. तो आला तेव्हा शर्टाची वरची दोन बटनं उघडी होती आणि छातीवर उभा व्रण दिसत होता. हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. पाठीवर काळ्या कव्हरात गिटार, पण ती पाठीवरून उतरवायला त्याला माझी मदत लागली.

"मिस्त्री, हे चार किलोचं धूड आहे," तो म्हणाला. "तीन तास खांद्यावर घेतलं की छातीचं हाड दुखते. डॉक्टर म्हनते सोडून द्या. गजूभाऊनं तं कीबोर्डच आनला. बटन दाबलं की गिटार वाजते त्याच्यातून."

गजूभाऊ म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक.

"मग?" मी विचारलं.

"मंग काही नाई. पुलगावले एक रिसेप्शन आहे. तिथं तीन तास उभा राह्यलो तं मी, नाई तं कीबोर्ड. असं ठरलं आहे." त्यानं गिटारच्या लाकडावरून हात फिरवला. "हिचं वजन कमी करून देता का?"

मी आयुष्यात गिटार हातात घेतली नव्हती. पण उघडून पाहिली तेव्हा जीव भांड्यात पडला. बाहेरच्यांना वाटतं, गिटार म्हणजे पोकळ पेटी आणि तिच्यात आवाज घुमतो. विजेच्या गिटारचं तसं नसतं. ती भरीव लाकडाची असते. तारांच्या खाली लोहचुंबकाच्या दोन डब्या असतात, तार हलली की त्या डब्या तिचं हलणं विजेत घेतात, पुढचा आवाज मशीनचा. लाकडाचं काम एवढंच की दांडी आणि घोडी, म्हणजे ज्यावरून तारा जातात ती पट्टी, यांना हलू न देता धरून ठेवायचं. त्याला जड लाकूडच पाहिजे असा काही कायदा नाही. घट्ट धरणारं आणि हलकं लाकूड कोणतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पाइन माझ्याकडे होतं. गिरणीचं भंगार निघालं तेव्हा एका यंत्राच्या बैठकीचा साचा मी उचलून आणला होता, दोन इंच जाड, चांगला रुंद. तो माझ्याच हातचा, नोकरीच्या दुसऱ्या वर्षातला. त्याच्यावरून ओतलेलं लोखंड गिरणीत होतं आणि गिरणीबरोबर विकलं गेलं. साचा मात्र पडवीत भिंतीला टेकून उभा होता. एवढ्या वर्षांत वाळून तो खडखडीत झाला होता, टिचकी मारली की वाजायचा. करवत लावताना हात जरा थांबला. मग लावली.

पाइनचे नखरे मला माहीत होते. नखानंही ते दबतं आणि स्क्रू धरत नाही, ओढ बसली की आटे सोडतं. तारांची ओढ तर दिवसरात्र असते. म्हणून जिथं जिथं स्क्रू जाणार तिथं मोठी भोकं पाडून मी सागवानी गुट्टे सरसात बसवले आणि स्क्रू त्या गुट्ट्यांत घेतले. पोटाला टेकणारी मागची कड तासून काढली. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं तेव्हा दांडी, खुंट्या, सगळं धरून सव्वादोन किलो भरलं. दुकानदारानं विचारलं, काय आहे हे? मी म्हटलं, अर्धी गिटार. तो म्हणाला, बाकीची अर्धी कुठं गेली? मी म्हटलं, कमी केली.

आता एक अडचण अशी की धड हलकं झालं आणि दांडी जुनीच राहिली. गळ्यात अडकवली की दांडी खाली लोंबायची, आणि ती उचलून धरायला रमेशचा डावा हात अडकायचा. डावा हात तर सूर दाबायला मोकळा पाहिजे. खांद्याचं ओझं काढून मी ते मनगटावर टाकलं होतं. मग धडाचं वरचं शिंग, म्हणजे दांडीकडे निघालेलं टोक, चार बोटं लांब केलं आणि पट्ट्याची कडी त्या टोकाला नेली. तेव्हा ती सरळ राहिली. फक्त जुनीपेक्षा दोन बोटं उजवीकडे सरकून बसू लागली. रमेश म्हणाला, "हाताले सवय करा लागन. आठ-दहा दिवस बसलो की होते."

हे सगळं चालू असताना तो रोज दुपारी तीनला यायचा. स्टुलावर बसायचा. मी चहा टाकायचो. दूध मी अर्धा लिटर घ्यायचो, ते एक लिटर झालं. दूधवाल्यानं विचारलं, पाहुणे आले काय? मी हो म्हटलं. रमेश गिरणीतल्या गोष्टी काढायचा, कोणत्या गावात कोणत्या नवरदेवानं कोणतं गाणं सात वेळा वाजवायला लावलं ते सांगायचा. मी हातातलं काम न थांबवता ऐकायचो. पाचला तो निघाला की मी दारापर्यंत जायचो आणि म्हणायचो, "उद्या येजो." हे दोन शब्द मी किती वर्षांत कोणाला म्हटले नव्हते.

गिटार पुरी झाली तेव्हा पुलगावच्या कार्यक्रमाला अकरा दिवस होते. रमेशनं तारा चढवल्या, सूर लावले, गळ्यात घेतली. उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून हसला. "काहीच नाई वाटत, मिस्त्री. जशी नाईच आहे." मग वाजवू लागला. खालच्या सुरांना सगळं ठीक होतं. बोटं दांडीवर वर सरकली तसा त्याचा चेहरा उतरला. पुन्हा वाजवलं. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक बारीक स्क्रू असतो, तो पुढं घेत टोकापर्यंत नेला.

"वरते गेलं की सूर उतरते," तो हळूच म्हणाला, मला वाईट वाटू नये अशा आवाजात. "मोकळी तार बरोबर लागते. दाबली की उतरते."

तो गेल्यावर मी घोडीपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं. साडेपंचवीस इंच पाहिजे होतं. पावणेसव्वीस भरलं. पाव इंच जास्त. मी खिळ्याकडे पाहिलं. जुनी गिटार मी टेपनं मोजली होती, पण नव्या लाकडावर रेघ आखताना हात आपोआप उजवीकडे गेला होता. फुटामागे एक सूत. मी गिटारला आकसण्याची सवलत देऊन ठेवली होती. ती बिचारी लाकडाची, ती कशाला आकसते? एकटाच असून मी मोठ्यानं हसलो. चौतीस वर्षांत एकही साचा मापाला चुकला नाही, आणि ही चूक करायलाही पॅटर्नमेकरच पाहिजे, असा एक खुळा अभिमानसुद्धा वाटला.

चूक दुरुस्त करायला मला दुसऱ्या दिवशीची सकाळ लागली. घोडी काढली, पाव इंच पुढं नवे गुट्टे बसवले, जुनी भोकं बुजवली, घोडी लावली. दोनपर्यंत सरस धरला होता. तीनला रमेश आला. गिटार टेबलाखाली फडक्यात गुंडाळलेली होती. मला फक्त वाकून ती काढून द्यायची होती.

ती दिली असती तर तो घेऊन गेला असता. घरी सराव, मग पुलगाव, मग पुढचे कार्यक्रम. स्टुलावर पुन्हा कोण बसणार होतं? मी चहा टाकला.

"काऊन मिस्त्री, सापडलं का काही?"

"लाकूड बसून राह्यलं," मी म्हणालो. "जुनं लाकूड आहे. कापलं की ते नव्यानं बसते. आठ दिवस लागन."

रमेशनं मान डोलावली. लाकडाबद्दल मी सांगतो म्हणजे तसंच असणार, असं त्याला वाटलं. गिरणीत सगळ्यांनाच वाटायचं.

तो आठही दिवस आला. मी टेबलावर काहीतरी घासत राहायचो. तो बोलत राहायचा. एक दिवस बोलता बोलता त्याची डाव्या हाताची बोटं माझ्या टेबलाच्या कडेवर सूर दाबू लागली. पुढच्या दिवशी त्यानं कोपऱ्यातली एक पट्टी उचलली, छातीशी आडवी धरली आणि तिच्यावर बोटं फिरवत बसला. घरची जुनी गिटार तर मीच सुटी केली होती, तिची दांडी नव्या धडाला लावलेली. सराव करायला त्याच्याकडे लाकडाची एक पट्टी होती. हे मी समोर बसून पाहिलं. मला कळत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, चहा घेतोस का आणखी?

नवव्या दिवशी मी गिटार दिली. त्यानं वाजवली, वरपर्यंत गेला. सूर बरोबर होते. "बसलं लाकूड," तो म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की मला त्याच्याकडे पाहवेना.

पुलगावला मी गेलो होतो. तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. सनई संपली, जेवणाची पंगत उठत होती, ऑर्केस्ट्रा उभा राहिला. रमेश इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. पहिली दोन गाणी त्यानं निभावली. तिसरं वेगाचं होतं. त्याचा हात जुन्या जागी गेला आणि दांडी तिथं नव्हती, दोन बोटं उजवीकडे होती. त्यानं खाली पाहिलं. गिटारवाला मंचावर खाली पाहतो तेव्हा त्याचं काहीतरी चुकतंय हे मलासुद्धा कळत होतं. पुन्हा चुकला. कीबोर्डवाल्यानं बटन दाबलं आणि गिटार वाजू लागली. लोकांना काही कळलं नाही. पोरं नाचत राहिली. रमेश आणखी दोन गाणी गिटार गळ्यात घेऊन उभा होता, वाजवत होता की नाही कोणास ठाऊक. मग गजूभाऊ जवळ आला. तो वाईट माणूस नाही. त्यानं रमेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, तुमी आता बसून घ्या. आराम करा." रमेश खाली उतरला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

"खांदा नाई दुखला, मिस्त्री," तो म्हणाला. "एवढंसाही नाई."

त्यानंतर तो आला नाही. येण्याचं कारण उरलं नव्हतं. दूध पुन्हा अर्ध्यावर आलं. तीन वाजले की मी चहा टाकायचो आणि एकट्यानं प्यायचो, आणि मला पहिल्यांदाच लक्षात आलं की या सगळ्या दिवसांत मी एकदाही त्याच्या घरी गेलो नव्हतो. वेणा नदीचा पूल ओलांडला की सायकलीवर वीस मिनिटांचा रस्ता. माणसं आपल्याकडे यावीत एवढंच मला सुचत होतं, आपणही जाऊ शकतो हे सुचलंच नाही.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी मी गेलो. रमेशच्या बायकोनं, वहिनींनी, दार उघडलं आणि मला ओळखलं. घरात दोन खुर्च्या होत्या. कपाटावर काळं कव्हर. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मी सगळं सांगून टाकलं. लंबी पट्टी, पाव इंच, दुसऱ्याच दिवशी झालेली दुरुस्ती, टेबलाखालचं फडकं. का केलं तेही सांगितलं.

रमेशनं उठून गिटार काढली. मशीनला न जोडता एक ओळ वाजवली, खालून वरपर्यंत. डबीत खडे हलवावेत एवढाच आवाज, पण सूर कुठं उतरला नाही. खाली पाहिलं नाही त्यानं. आता त्याच्या हाताला ती सवय झाली होती.

"सांगाचं होतं, मिस्त्री," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "घरी टीव्ही चालू राहते, शेजारी पोरं अभ्यास करते. मी कुठं वाजोनार होतो? तुमच्याइथंच बसून वाजोलं असतं. आठही दिवस."

वहिनींनी चहा आणला. मी तो संपवला, कारण अर्धा सोडून उठणं बरं दिसलं नसतं. रमेश फडक्यानं एकेक तार पुसत होता, वरून खाली, फार सावकाश.

मी निघालो. वहिनी दारापर्यंत आल्या आणि आपल्याकडची रीत म्हणून म्हणाल्या, "येजा, भाऊजी." मी मागं वळून पाहिलं. रमेश तारा पुसतच होता.

येजा, असं त्या म्हणाल्या आहेत. रस्ता वीसच मिनिटांचा आहे. मी अजून गेलो नाही.